खालच्या टाक्याचा इतिहास



आजच्या विषयात ‘संप’ हा शब्द पाहून काही मंडळींनी अंदाज बांधला असेल की, कामगार चळवळीतला माणूस आणखी कशावर बोलणार! पण हा संप निराळा. इमारतीखालच्या पाण्याच्या टाक्याला गवंडी संप म्हणतात. त्याच अर्थाने, घरात खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे लोक काचपेटीखालच्या कपाटात दडवलेल्या दुसऱ्या टाकीला संप म्हणतात. वरचे पाणी तीत उतरते, स्वच्छ होते आणि पंपाने पुन्हा वर चढते. या साध्या टाक्याला जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची पूर्वपीठिका आहे, आणि माझ्या मते ती सारी एकाच प्रश्नाभोवती फिरते : पाण्याचे काम करायचे कोणी?

समुद्रात हा प्रश्न उद्भवत नाही. लाटा पाण्यात हवा कालवतात, माशांच्या मलमूत्रातून होणारा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. शंभर लिटरच्या पेटीत तो विरत नाही, साचतो. समुद्र जे फुकट करतो, ते येथे कोणाला तरी करावे लागते.

१८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे जिवंत प्रवाळ लंडनला नेले आणि काही वर्षे जगवले. ते जगले कसे? उघड्या खिडकीपाशी उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळे. हे काम रोज अर्धापाऊण तास चाले, आणि ते करी बाईंची मोलकरीण. बाईंनी आपल्या टिपणात तिचा प्रेमाने उल्लेख केला आहे, नाव मात्र दिलेले नाही. घरातल्या समुद्राचा पहिला पंप म्हणजे एका निनावी मुलीचे दोन हात होते, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

पुढे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, पाण्यात वनस्पती ठेवली तर ती माशाला प्राणवायू पुरवते आणि गोगलगाई कुजकी पाने खाऊन टाकतात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले; १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले, आणि इंग्लंडच्या मध्यमवर्गाला काचपेटीचे वेडच लागले. लोकांनी किनारे अक्षरशः ओरबाडले. गॉस यांचाच मुलगा एडमंड याने १९०७ साली छापलेल्या आठवणींत त्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. पेट्यांतले जीव मात्र भराभर मरत. वनस्पती, मासा आणि गोगलगाय यांचा समतोल कागदावर ठीक होता; पण एवढ्याशा पाण्यात एक शिंपला मेला तरी तो ढासळे.

यावर तोड काढली विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने. हा मूळचा पुस्तकबांधणी करणारा कारागीर. विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. वाचून आणि हाताने करून शिकला. लंडनमध्ये त्याने मत्स्यपेट्यांचे दुकान काढले, ते बुडाले. मग १८६४ साली उघडलेल्या हॅम्बुर्गच्या मत्स्यालयाचे काम त्याच्याकडे आले, आणि १८७१ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसचे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : दाखवायच्या टाक्यांपेक्षा न दाखवायचे पाणी अधिक हवे. त्याने जमिनीखाली, अंधारात, वरच्या टाक्यांहून कितीतरी मोठे टाके बांधले आणि वाफेच्या यंत्राने पाणी अहोरात्र फिरते ठेवले. अंधारामुळे पाणी हिरवे होत नसे, आणि वर एखादा जीव मेला तरी त्याचे विष मोठ्या साठ्यात विरळ होई. नेपल्सला आंतोन डोर्न यांनी १८७४ साली उघडलेल्या मत्स्यालयालाही लॉइडचा सल्ला लाभला. १८८० साली तो वारला. आजचा प्रत्येक संप म्हणजे त्याच्याच तळघराची धाकटी आवृत्ती होय.

अंधारात आणखीही कोणी राबत होते, हे लॉइडला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने अमोनियाचे नायट्रेट करणारे जंतू वेगळे काढून दाखवले. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी सच्छिद्र ‘जिवंत खडक’ पेटीत ठेवून प्रवाळ पाळल्याचे लिहिले. त्या खडकाच्या भोकाभोकांत हेच जंतू नांदत होते. १९८० साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात वॉल्टर एडी यांनी प्रवाळखडकाची टाकी उभारून तिचे पाणी शेवाळाकडून स्वच्छ करविले. आणि १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या अमेरिकन मासिकातल्या लेखांनी पेटीखालचा संप घरोघरच्या शौकिनांपर्यंत पोचवला.

आता आपल्या घरी तो करायचा तर कसा? काचेच्या टाकीत आडव्या भिंती घालून तीन खण करावेत. पहिल्यात वरचे पाणी पडते आणि फेसाबरोबर घाण काढून टाकता येते. मधला खण म्हणजे रेफ्युजियम, मराठीत आसरा. तेथे समुद्री शेवाळ वाढवावे. ते नायट्रेट खाते, आणि मधूनमधून मूठभर काढून टाकले की घाणही घराबाहेर जाते. मासे पोचत नसल्याने तेथे बारीक कवचधारी किडे निर्धास्त वाढतात आणि वाहत वर जाऊन माशांचे अन्न होतात. या खणाचा दिवा वरचा दिवा मालवल्यावर लावावा. रात्री पाण्याची आम्लता वाढते, तिला हे शेवाळ आवर घालते. ही खरी रात्रपाळी! तिसऱ्या खणात पंप. पाणी आटते तेव्हा मीठ मागेच राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. तांब्याची वस्तू कोठेही नको. प्रवाळाला ती विष आहे.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब वीज जाण्याचा. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद पेटीतले पाणी अडीच सेंटिमीटर उतरले तरी साडेतेरा लिटर खाली येते, नळ्यांतले वेगळे. एवढी जागा संपात कायम रिकामी हवी, नाहीतर दिवाणखान्यात समुद्र येईल. कामगाराला वाचवणारी व्यवस्था अशीच आधी करायची असते, अपघातानंतर नव्हे.

आणखी एक. २००१ पासून आपल्या देशात प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते किनाऱ्यावरून उचलून आणू नयेत. इंग्लंडच्या किनाऱ्यांचे काय झाले ते आपण पाहिलेच.

१९५१ साली मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि पिढ्यानपिढ्या आपण काचेला नाक लावून मासे पाहिले. ते पाहावेतच. पण रंगीत मासा तरतरीत दिसला की खालच्या अंधारात कोणीतरी काम करीत आहे, मग तो जंतू असो, शेवाळ असो वा माणूस, हे ज्याला दिसते, त्यालाच मत्स्यालय खरे पाहता आले असे मी म्हणेन.