मेरीच्या कोकराची आई

आमच्या शाळेत खालच्या मजल्यावर बालवर्ग भरतो. वर सातवीच्या पोरांना मी समास शिकवीत असतो आणि खालून मेरीच्या कोकराचे इंग्रजी गाणे वर येते. तीस-चाळीस चिमुकले गळे एकाच वेळी ओरडत असतात. सूर प्रत्येकाचा वेगळा. एकदा मधल्या सुट्टीत चहा पिता पिता मी बालवर्गाच्या बाईंना विचारले, "हे गाणे लिहिले कुणी हो?" त्या हसून म्हणाल्या, "अहो सर, तसली गाणी कुणी लिहितं का? ती असतातच!"

पण हे गाणे लिहिलेले आहे. लिहिणारी बाई आपल्यासारखीच एक मास्तरीण होती, आणि तिची कहाणी त्या गाण्याहून कितीतरी मोठी आहे.

सारा जोसेफा ब्युएल हिचा जन्म अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधल्या न्यूपोर्ट गावी, 1788 साली झाला. त्या काळी तिकडेही मुलींना कॉलेजचे दार बंदच होते. आईने घरी अक्षरओळख करून दिली. धाकटी असून भावाच्या बरोबरीने वाचायची. हा भाऊ, होरेशिओ, डार्टमथ कॉलेजात गेला आणि तिथे शिकलेले घरी येऊन बहिणीला शिकवू लागला. आपल्याकडे भाऊबीजेला भाऊ लुगडे घालतो. या भावाने ओवाळणीत सबंध कॉलेजच घातले म्हणायचे! अठराव्या वर्षापासून ती स्वतः गावात शाळा घेऊ लागली.

1813 मध्ये डेव्हिड हेल या वकिलाशी तिचे लग्न झाले. गृहस्थ मोठा रसिक असावा. रोज रात्री आठ ते दहा नवराबायको शेजारी बसून अभ्यास करीत. हा सुखाचा संसार नऊ वर्षे चालला. 1822 साली डेव्हिड न्यूमोनियाने गेला, तेव्हा पदरी चार मुले होती आणि पाचवे पोटात. साराबाईंनी त्या दिवशी काळे वस्त्र अंगावर घेतले ते मरेपर्यंत उतरविले नाही. आपल्याकडच्या आलवणाची आठवण होते; फरक एवढाच, की हे त्यांनी आपल्या हाताने घेतले होते, आणि ते लेवून त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत.

प्रथम नणंदेबरोबर बायकांच्या टोप्यांचे दुकान काढले. त्यात मन रमेना. नवऱ्याच्या फ्रीमेसन मित्रांनी कवितांचे पुस्तक छापून दिले. 1827 मध्ये 'नॉर्थवुड' ही कादंबरी आली आणि तिच्या जोरावर 1828 साली बोस्टनच्या एका स्त्रियांच्या मासिकाचे संपादकपद चालून आले. पाच लेकरांची आई वयाच्या चाळिशीत संपादक झाली.

कोकराचे गाणे 1830 सालचे. 'मुलांसाठी कविता' अशा अर्थाच्या एका छोट्या पुस्तकात ते आले. संगीतकार लोवेल मेसन यांनी शाळेत मुलांना गाता येतील अशा कविता मागितल्या होत्या. पुढे स्टर्लिंग गावच्या मेरी सॉयर नावाच्या बाईंनी म्हातारपणी सांगितले, की ते कोकरू माझे आणि पहिल्या ओळी एका तरुण विद्यार्थ्याच्या. साराबाईंनी मात्र सगळे गाणे माझेच असे शेवटपर्यंत सांगितले. मला त्या भांडणात रस नाही. मला त्या गाण्यातला मास्तर आवडतो. कोकराला वर्गाबाहेर तर त्याने काढले; पण मुलांनी विचारले की हे मेरीच्या मागे का लागते, तेव्हा छडी न उगारता त्याने उत्तर दिले. 1830 साली असा मास्तर दुर्मिळच असला पाहिजे.

1837 पासून फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक'ची सूत्रे त्यांच्याकडे आली. धाकटा मुलगा हार्वर्डमधून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे 1841 पर्यंत, त्यांनी तो कारभार बोस्टनला राहून पाहिला. हे मासिक बायका घेत त्या हाताने रंगविलेल्या पोशाखांच्या चित्रांसाठी. 1860 च्या सुमारास त्याचा खप दीड लाखांवर गेला होता. पोशाखांच्या त्या चित्रांपलीकडे पान उलटले, की संपादकीण बाई दर महिन्याला एकच जप करी : मुलींना शिकवा. लहान मुलांना शिकविण्याचे काम स्त्रियांना द्या, आणि त्यासाठी स्त्रियांना आधी तयार करा. गोड औषधात कडू मात्रा कशी घालावी हे आयांना सांगावे लागत नाही.

मॅथ्यू व्हासर नावाचे एक बिअर गाळणारे धनिक पोकीप्सी गावी मुलींचे कॉलेज काढणार, असे कळल्यावर बाईंनी पत्रांचा सपाटा लावला. कॉलेजला 1861 मध्ये सनद मिळाली, 1865 मध्ये वर्ग भरले. शिकवायला स्त्रियाही घ्या, हा त्यांचा हट्ट. खगोलशास्त्राला मारिया मिचेल यांच्यासारखी विदुषी लाभली. दुसरा हट्ट नावाचा. 'व्हासर फीमेल कॉलेज' हे नाव बाईंना खपेना. फीमेल म्हणजे मादी. ती काय जनावरांतही असते! 1867 साली तो शब्द नावातून गेला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच बाईंनी स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केला. बाईचे राज्य घरात, असे त्या म्हणत; आणि हे सारे स्वतः अर्धशतक कचेरी चालवून! गुलामगिरीच्या प्रश्नावर त्यांचे म्हणणे असे, की मुक्त झालेल्या निग्रोंना शिकवावे आणि आफ्रिकेत वसवावे. तिथेच जन्मलेल्या माणसांना ते कसे वाटेल, याचा विचार त्यात नव्हता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तरी त्यांच्या मासिकात त्याची धग फारशी लागली नाही. मात्र त्याच युद्धात, 1863 साली, त्यांनी लिंकनला पत्र लिहून साऱ्या राष्ट्राचा एक आभारदिन मागितला आणि तो मिळविला. सतरा वर्षे त्या या एका सणामागे लागल्या होत्या.

1877 च्या अखेरीस, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्याच वर्षी एडिसनने बोलके यंत्र केले आणि त्यापुढे पहिल्यांदा जे शब्द उच्चारले ते कोकराच्या गाण्याचे होते. 1879 साली साराबाई फिलाडेल्फियात वारल्या.

त्याच फिलाडेल्फियात 1850 साली स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज निघाले होते. बाईंनी आपल्या मासिकातून त्याची बाजू घेतली. 1851 मध्ये तर स्त्री-डॉक्टर पूर्वेकडच्या देशांत धाडण्यासाठी त्यांनी एक मंडळही काढले. तिकडून मिशनरी डॉक्टरणी जाव्यात एवढेच त्यांच्या मनात होते. साराबाई वारल्या तेव्हा आपल्या कल्याणची एक मुलगी चौदा वर्षांची होती. 1883 साली ती स्वतःच समुद्र ओलांडून निघाली आणि 1886 मध्ये त्याच कॉलेजातून डॉक्टर झाली. आनंदीबाई जोशी.

1887 च्या फेब्रुवारीत पुण्याला आनंदीबाई गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेतल्या कार्पेंटरमावशींकडे पाठविल्या गेल्या. मावशींच्या घराण्याची दफनभूमी पोकीप्सी गावी आहे. मॅथ्यू व्हासरही तिथेच निजले आहेत.