लोकलच्या डब्यातले चित्रपट-परीक्षण

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सिनेमावरचे मत थिएटरबाहेर संपत नसे. दुसऱ्या सकाळी ते लोकलमध्ये चढे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली आणि याच लोहमार्गालगत पुढे वाढलेली नोकरदार वस्ती इथला मोठा प्रेक्षकवर्ग बनली. ठाण्यात वंदना आणि मल्हार, डोंबिवलीत टिळक टॉकीज ही त्यांची हक्काची ठिकाणे. ठाण्यातले एक एसटी स्थानक तर वंदना टॉकीजच्या नावानेच ओळखले जाते.

रोजच्या गाडीतल्या ग्रुपमध्ये चित्रपटाचा निकाल लागे. कॅमेरा, संकलन यांवर क्वचितच कोणी बोले. गोष्ट पटली का, गाणी कशी आहेत, घरच्यांना घेऊन जावे का आणि तिकिटाचे पैसे वसूल झाले का, हे निकष. ते साधे, पण प्रामाणिक होते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. शनिवारी मराठी, रविवारी हिंदी चित्रपट; चाळीत एका टीव्हीपुढे शेजारी जमत आणि सोमवारी अख्ख्या डब्याने एकच सिनेमा पाहिलेला असे. पुढे केबल, मग मल्टिप्लेक्स आले आणि हा एकत्रित अनुभव विखुरला.

या तोंडी परीक्षणांची नोंद फारशी झाली नाही. मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनातली ती मोठी उणीव आहे.