बोरूची स्मृती आणि गोलाईचा स्वर: 'बलू' या मुद्राक्षराविषयी

रोमन मुद्राक्षरांच्या इतिहासात 'सॅन्स सेरिफ' ही संज्ञा अभावातून घडली आहे. अक्षराच्या टोकाशी येणारा लहानसा फटकारा येथे नाही, एवढेच ती सांगते. देवनागरीला असा फटकारा मुळातच नसल्याने ही संज्ञा मराठीत जशीच्या तशी आणली की तिचा अर्थ निसटतो. देवनागरी अक्षराचे स्वरूप तिरप्या कापलेल्या बोरूने घडवले: रेघ कुठे जाड, कुठे बारीक. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी हा जाड-बारीकपणा धातूतही जपला. म्हणून देवनागरीत त्या संज्ञेचा समांतर अर्थ शोधायचा, तर तो बोरूची ही स्मृती पुसण्यात शोधावा लागतो.

शीर्षकाक्षरांना या स्मृतीपासून दूर जाण्याची मुभा होती. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेल्या शीर्षकांत अक्षर एकाच नावासाठी जन्मते आणि त्या नाटकाचा भाव त्याचा आकार ठरवतो. मुद्राक्षराला ही चैन नसते. अजून न लिहिलेल्या प्रत्येक शब्दासाठी त्याला आधीच तयार असावे लागते.

मुंबईच्या 'एक टाइप' या समूहाचे 'बलू' (२०१५) या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. किप्लिंगच्या 'जंगल बुक'मधील (१८९४) अस्वलाची आठवण करून देणारे हे नाव. त्याचे देवनागरी रूप सारंग कुलकर्णी यांचे आहे. रेघ जाड, टोके गोलावलेली, जाड-बारीकपणा जवळजवळ नाहीसा. अशा जाडीत 'ष्ट्र'सारखे जोडाक्षर बसवताना आतली पोकळी बुजण्याचा धोका असतो. गोलाई येथे अलंकार न राहता जागेचा हिशेब होते. प्रथम एकाच जाड वजनात आलेल्या या अक्षराला २०१९ च्या आवृत्तीत पाच वजने मिळाली. एरवी साध्या अक्षरापासून जाड अक्षर घडते. येथे क्रम उलटा आहे.

मात्र खरा प्रश्न नामकरणाचा आहे. गुजराती रूप 'बलू भाई', बंगाली 'बलू दा', पंजाबी 'बलू पाजी', उडिया 'बलू भाईना', मल्याळी 'बलू चेट्टन', तमिळ 'बलू तंबी', कन्नड 'बलू तम्मा', तेलुगू 'बलू तम्मुडू', उर्दू 'बलू भाईजान'. लिपींचे हे कुटुंब बंधुत्वाच्या शब्दांनी बांधलेले आहे, आणि गोल अक्षराचा आपुलकीचा स्वर या नावांशी जुळतो. पण देवनागरी रूपाला असा कोणताही नातेवाचक शब्द नाही. ते नुसते 'बलू' आहे. इतर लिपी कोणाच्या तरी भाऊ ठरतात, देवनागरी ज्याच्याशी नाते सांगायचे ते स्थान घेते. रोमन लिपी तर या प्रत्येक फॉन्टमध्ये सोबत असते, पण नावात तिची खूणही नाही.

यामागे हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. केंद्र अनेकदा हेतूविनाच स्थापित होते: ज्याला विशेषण लागत नाही, तेच मूळ समजले जाते. खुल्या परवान्यामुळे हे अक्षर कोणालाही विनामूल्य वापरता येते. मराठी वाचक ते वाचतो तेव्हा त्याला केवळ मैत्रीपूर्ण गोलाई दिसते. आपली लिपी येथे निनावी राहून केंद्रस्थानी बसली आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. मुद्राक्षराची समीक्षा आकारापाशी थांबली, तर ते समीक्षेच्याही ध्यानी येणार नाही.