तीनशे चौसष्ट आणि बाकीचे

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

निवडणुकीच्या निकालाचा आकडा फार बोलका वाटतो. अमुक पक्षाला इतक्या जागा, तमुक पक्षाला तितक्या. तेवढं ऐकलं की आपण रेडिओ बंद करतो आणि कामाला लागतो. पण या आकड्याच्या मागे आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे लोकांनी मतं कशी दिली होती, आणि दुसरी म्हणजे सभागृहात प्रत्यक्ष कोणाचा आवाज ऐकू आला. या तिन्ही गोष्टींचं एकमेकींशी क्वचितच जमतं. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे, ते आपल्या पहिल्या लोकसभेच्या आधाराने.

२५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ असे जवळजवळ चार महिने पहिली सार्वत्रिक निवडणूक चालली. मतदारयादीत सतरा कोटींहून अधिक नावं होती. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून चिन्हं आली. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, कम्युनिस्टांचं कणीस-विळा, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, आणि ज्याच्या पेटीत कागद पडला त्याला मत. सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावं मात्र यादीत येता येता गळाली. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढीच नोंद केली होती आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती मान्य केली नाही. सभागृहात कोण आलं ते सांगण्याआधी दाराबाहेर कोण राहिलं, याचीही नोंद असावी म्हणून हे सांगितलं.

निकाल लागले. निवडून द्यायच्या जागा होत्या ४८९. त्यांपैकी ३६४ काँग्रेसला मिळाल्या, म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन. उरलेल्या १२५ जागांत सारा भारत दाटीवाटीने बसला होता. कम्युनिस्ट १६, समाजवादी १२, किसान मजदूर प्रजा पक्ष ९, हैदराबादची पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट ७, हिंदू महासभा ४, अकाली ४, जनसंघ ३, रामराज्य परिषद ३, झारखंड पक्ष ३, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन २, शेतकरी कामगार पक्ष २, मद्रासकडच्या मुस्लिम लीगचा एक, आणखी काही लहान पक्ष, आणि ३७ अपक्ष. राष्ट्रपतींनी नेमलेले दहा जण मिळून सभागृह ४९९ जणांचं झालं. त्या दहांत जम्मू-काश्मीरचे सहा आणि अँग्लो-इंडियन समाजाचे दोन होते. अँग्लो-इंडियनांची ही नेमणूक २०२० मध्ये बंद झाली.

आता मतांकडे पाहा. चारांतल्या तीन जागा मिळवणाऱ्या काँग्रेसला मतं पडली होती शेकडा ४५. म्हणजे निम्म्याहून अधिक मतं काँग्रेसच्या विरोधात होती, पण ती विखुरलेली होती. समाजवाद्यांना शेकडा साडेदहा मतं मिळाली, जागा १२. कम्युनिस्टांना शेकडा सव्वातीनच मतं, पण जागा १६. हा चमत्कार कसा झाला? समाजवाद्यांनी देशभर अडीचशेच्या वर उमेदवार उभे केले. कम्युनिस्टांनी केले ४९, आणि तेही मद्रास, बंगाल, त्रिपुरा अशा आपल्या जोराच्या मुलखांत. पाऊस साऱ्या मुलखावर शिंपडला तर जमीन ओली होते, तळं भरत नाही. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येणार, बाकीच्यांची मतं वाया, असा आपला नियम आहे. या नियमाने देशाला भक्कम सरकार दिलं हे खरं. पण याच नियमाने लाखो माणसांची मतं हिशेबातून पुसूनही टाकली.

त्या काळी काही मतदारसंघ जोडीचे होते. एका जागेवर कोणीही, दुसरी अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव. सोलापूर असाच मतदारसंघ होता. तिथून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोघेही विरोधक निवडून आले. मुंबईत मात्र उलटं घडलं. ज्यांनी घटनेचा मसुदा घडवला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. तिथल्या सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले, पण राखीव जागेवर बाबासाहेब हरले. ते राज्यसभेत होते, पण लोकसभेच्या सभागृहात ते कधी बसले नाहीत. पक्षनिहाय तक्त्यात ही उणीव दिसत नाही, कारण तक्त्यात फक्त आलेल्यांची मोजदाद असते.

१३ मे १९५२ रोजी लोकसभेची पहिली बैठक भरली आणि १५ मेला अध्यक्षाची निवड झाली. काँग्रेसचे उमेदवार ग. वा. मावळंकर. वास्तव्य अहमदाबादचं, घराणं मुळातलं रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्यांच्यासमोर विरोधकांनी उभे केले सोलापूरचे शंकरराव मोरे. मावळंकरांना ३९४ मतं पडली, मोऱ्यांना ५५. हरणार हे ठाऊक असताना उभं कशाला राहायचं, असं कोणी विचारील. माझ्या मते, त्या ५५ जणांनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट नोंदवून ठेवली. सभागृह एकमुखी नाही, ती गोष्ट. पुढे डिसेंबर १९५४ मध्ये विरोधकांनी याच मावळंकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. तो नामंजूर झाला, पण त्याआधी त्यावर रीतसर चर्चा झाली. त्या वेळी आसनावर मावळंकर नव्हते, उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते.

मावळंकरांनीच एक पायंडा पाडला. सभागृहाच्या किमान दहाव्या हिश्शाएवढे सदस्य असतील, तरच त्या गटाला रीतसर विरोधी पक्ष म्हणायचं. तेवढं बळ कोणाजवळच नव्हतं. त्यामुळे पहिल्या लोकसभेला अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. तो मिळायला १९६९ साल उजाडावं लागलं. काँग्रेस फुटली आणि रामसुभग सिंह त्या पदावर आले. १९७७ मध्ये आपले यशवंतराव चव्हाण विरोधी पक्षनेते झाले, आणि त्याच वर्षी या पदाला कायद्याने मान आणि वेतन मिळालं.

पदाचा नेता नव्हता, पण बोलणारे होते. कम्युनिस्टांच्या बाकांवर ए. के. गोपालन आणि हिरेन मुखर्जी होते. जनसंघाचे तीनच सदस्य, पण त्यांत श्यामाप्रसाद मुखर्जी होते आणि त्यांनी लहान पक्षांचा एक गटही बांधला. १९५३ च्या जूनमध्ये काश्मीरमध्ये स्थानबद्धतेतच त्यांचं निधन झालं. निवडणुकीत पडलेले आचार्य कृपलानी पोटनिवडणूक जिंकून आले. बोलायला वेळही होता. पहिली लोकसभा पाच वर्षांत ६७७ दिवस बसली. २०१९ ते २०२४ ची सतरावी लोकसभा बसली २७४ दिवस. या दोन आकड्यांमधलं अंतर मला पक्षांच्या जागांपेक्षा अधिक अस्वस्थ करतं. बहुमत लोक देतात, ते कमी-जास्त होणारच. बैठकीचे दिवस मात्र सत्तेवर असलेले ठरवतात.

आणि त्या ३६४ जणांतही सगळे एका सुरात गात नव्हते. फिरोज गांधी सत्ताधारी बाकांवरचे. पंतप्रधानांचे जावई. १९५५ च्या डिसेंबरात त्यांनी विमा कंपन्यांतला गैरव्यवहार सभागृहात मांडला आणि पुढच्याच महिन्यात सरकारने आयुर्विम्याचा कारभार हाती घेतला. कुलाब्यातून निवडून आलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयावरून १९५६ च्या जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ काँग्रेसचेच, पण संयुक्त महाराष्ट्राची बाजू ते लोकसभेत मांडत राहिले. पक्षनिहाय तक्त्यात ही तीनही नावं 'काँग्रेस ३६४' या एकाच ओळीत गडप होतात.

मी मुसलमान असल्याने त्या यादीतल्या एका ओळीवर माझी नजर थोडी जास्त थांबते. मुस्लिम लीग, मद्रास, एक. हे बी. पोकर, मलप्पुरमचे सदस्य. १९०९ पासून मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ होते. मुसलमान उमेदवार आणि मतदारही मुसलमानच. १९४७ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीत याच पोकरसाहेबांनी ती पद्धत चालू ठेवण्याची दुरुस्ती मांडली आणि ती फेटाळली गेली. देश नुकताच दुभंगला होता. दुसरं काही होणं शक्य नव्हतं, आणि माझ्या मते योग्यही नव्हतं. बेगम ऐझाज रसूल यांनी तर घटना समितीत ठासून सांगितलं की, राखीव जागांनी अल्पसंख्याकांचंच नुकसान होईल. १९४९ मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागाही गेल्या. आणि १९५२ मध्ये पोकरसाहेब त्याच संयुक्त मतदारसंघाच्या वाटेने, सर्वांची मतं मागून लोकसभेत आले. मौलाना आझाद रामपूरकडून आले, आणि १९५७ मध्ये गुडगावहून, जिथे बहुसंख्य मतदार हिंदू होते.

या व्यवस्थेवर माझा विश्वास आहे. माझा खासदार माझ्या धर्माचा असावा असा माझा हट्ट नाही. त्याला माझ्या मताची गरज वाटली पाहिजे, एवढंच मला पुरे. पण विश्वास ठेवणाऱ्यानेही हिशेब पाहावा. १९८० मध्ये लोकसभेत ४९ मुसलमान निवडून आले होते, तो आजवरचा उच्चांक. २०२४ मध्ये आले २४. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत मुसलमान शेकडा १४ आहेत. ही तक्रार मी कोट्याच्या मागणीसाठी करत नाही. ज्या पक्षाला एखाद्या समाजाची मतं लागत नाहीत, त्याला त्या समाजाचं ऐकण्याचंही कारण उरत नाही. आणि ज्याला ती मतं हमखास मिळतात, त्यालाही ते उरत नाही. हा धोका फक्त मुसलमानांपुरता नाही. ज्याची मतं गृहीत धरली जातात त्या प्रत्येकाच्या वाट्याला तो येतो.

देशाचा एकूण आकडा किती लपवतो याचा दाखला आपल्याच घरात आहे. १९५७ च्या दुसऱ्या निवडणुकीत काँग्रेसच्या जागा वाढून ३७१ झाल्या. दिल्लीतून पाहणाऱ्याला वाटलं असेल, सारं आलबेल आहे. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली होती. मुंबईतून डांगे, पुण्यातून नानासाहेब गोरे, राजापूरहून नाथ पै, साताऱ्याहून क्रांतिसिंह नाना पाटील, नाशिकहून दादासाहेब गायकवाड दिल्लीला गेले. ३७१ च्या समोर मूठभर माणसं, पण १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं ते ज्या दडपणामुळे, त्यात या बाकांचा वाटा होता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६३ च्या ऑगस्टमध्ये कृपलानींनी पहिला अविश्वासाचा ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ असा पडला. पण त्या चर्चेत राममनोहर लोहियांनी गरिबाच्या दिवसाच्या तीन आण्यांचा हिशेब मांडला, आणि ठरावाची मतं विसरली गेली तरी ते तीन आणे लोकांच्या लक्षात राहिले. १९८४ मध्ये काँग्रेसला ४०४ जागा मिळाल्या, आणि शेकडा साडेसात मतं मिळवणाऱ्या भारतीय जनता पक्षाला दोन. २०१४ मध्ये त्याच भारतीय जनता पक्षाला शेकडा ३१ मतांवर २८२ जागा मिळाल्या, आणि शेकडा चार मतं मिळवणाऱ्या बहुजन समाज पक्षाला एकही नाही. काँग्रेस ४४ वर आली, आणि दहाव्या हिश्शाच्या पायंड्याने विरोधी पक्षनेतेपदही तिला मिळालं नाही. ते पुन्हा भरलं २०२४ मध्ये, तिच्या ९९ जागा आल्यावर. भारतीय जनता पक्षाला त्या वेळी २४० मिळाल्या आणि मित्रपक्षांना सोबत घ्यावं लागलं. पारडी वर-खाली झाली, माणसं बदलली, पण तराजू १९५२ चाच आहे.

त्या तराजूवर एका मताचंही वजन पडतं. १७ एप्रिल १९५२ ला पहिली लोकसभा अस्तित्वात आली. बरोबर सत्तेचाळीस वर्षांनी, १७ एप्रिल १९९९ ला, वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं.

लोकसभा हा शब्दही आधी नव्हता. हे नाव सभागृहाने घेतलं १४ मे १९५४ ला. मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून मला हा शब्द फार आवडतो. त्यात राजा नाही, पक्षही नाही. आधी लोक आहेत आणि मग सभा, म्हणजे एकत्र बसून बोलण्याची जागा. तेव्हा पुढच्या निकालाच्या रात्री जागांचा आकडा जरूर ऐका. पण रेडिओ लगेच बंद करू नका. मतं किती पडली ते ऐका, आणि मग पाच वर्षं मोजत राहा की ही सभा किती दिवस बसली, आणि हरलेल्यांना किती वेळ बोलू दिलं.