गोठ्यातली न्याहारी

इटलीतल्या तोस्काना भागात सुट्टीला गेलेल्या पाहुण्याला पुष्कळदा न्याहारी मिळते ती जुन्या गोठ्यात. खाली बैल आणि वर माणसे, अशीच ही दगडी शेतघरे बांधलेली असत. जनावरांची ऊब वरच्या खोल्यांना मिळे.

घर मात्र राहणाऱ्याचे नसे. तिथली ‘मेत्झाद्रिया’ म्हणजे आपल्याकडची अर्धेलच. निम्मे धान्य, निम्मी द्राक्षे, निम्मे ऑलिव्ह मालकाला. शिवाय सणाला कोंबडे आणि अंडी द्यायची ती वेगळीच! सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची. फुरसत म्हणायची ती हिवाळ्यातल्या रात्री, शेजारीपाजारी चुलीभोवती जमत तेवढीच. या बैठकीला ‘वेल्या’ म्हणत. गप्पा चालत, पण हात टोपल्या विणण्यात नाहीतर सूत कातण्यात गुंतलेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी कारखान्यांकडे गेली आणि घरे ओस पडली. १९६४च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. १९८५ साली ‘आग्रितुरिस्मो’चा कायदा आला. पाहुणे शेतकऱ्यानेच ठेवावेत आणि शेती हाच त्याचा मुख्य धंदा राहावा, ही त्यातली अट मला फार शहाणपणाची वाटते. नाहीतर शेत नावापुरतेच उरले असते.

आज पाहुणे कौतुकाने ‘रिबोल्लिता’ मागवतात. नावाचा अर्थ ‘पुन्हा उकळलेली’. शिळा, बिनमिठाचा पाव, पांढरा घेवडा, काळपट पानांचा कोबी. काल उरलेले आज पुन्हा चुलीवर. मांसाचा तुकडा त्यात नसे. सणाचा कोंबडा तर मालकाकडे पोचलेला!