पोरांची बंदूक

आमच्या माळ्यावरच्या बंदुकीवर मोजकंच वाचता यायचं. 'मॉड', त्यापुढं ३३ हा आकडा आणि जवळच 'डी. आर. पी.' ही तीन इंग्रजी अक्षरं. बाकीचं गंजानं खाल्लेलं. तेवढ्यावर गावानं तिची कुंडली मांडली होती. एस. आर. पी. म्हणजे राज्य राखीव पोलीस हे सगळ्यांना ठाऊक, मग डी. आर. पी. म्हणजे डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह पोलीस, आणि ३३ हा शिपायाचा बिल्ला नंबर. पत्री सरकारच्या धामधुमीत कुणीतरी ठाण्यातून उचलली असणार, असं पारावर ठरून गेलं होतं. सातारा जिल्ह्यात अशी गोष्ट पटायला वेळ लागत नाही.

बंदूक आणली होती थोरल्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांच्या भावानं. दुसऱ्या महायुद्धात ते सप्लाय कोअरमध्ये ट्रक चालवत इटलीपर्यंत गेले होते. आमच्या मराठा पलटणी तिकडंच लढत होत्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच आघाडीवर. थोरले आबा मात्र लढाईविषयी बोलत नसत. जोंधळा हुरड्यात आला, पाखरं उतरली, की कुणीतरी म्हणायचं, "आबा, ती बंदूक काढा की." त्यांचं उत्तर ठरलेलं, "ती पाखरांची न्हाई, पोरांची हाय." आणि गोफण हातात द्यायचे. म्हातारा बंदुकीला खेळणं म्हणतोय, असंच सगळे समजत.

ते गेल्यावर काही वर्षांनी एका निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. कुणीतरी आमच्या माळ्याचं नाव सांगितलं. हवालदार आला, त्यानं पोतं सोडलं, बोल्ट बघितला आणि लिहिलं, 'रायफल, विनापरवाना'. माझे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. हत्यार कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला असता तर नोकरीवरच गदा होती. आई दोन दिवस जेवली नाही. शेवटी ठाण्यातून एवढी सवलत मिळाली, की ही नेमकी काय वस्तू आहे ते जाणकाराकडून ठरवून घ्या, मग बघू.

जाणकार म्हणजे तालुक्याच्या गावी राहणारे एक निवृत्त सुभेदार. पलटणीत ते आर्मरर होते. हवालदारासमोरच त्यांनी बंदूक मांडीवर घेतली, बोल्टची मूठ उचलून मागं ओढली आणि हसले. "गुरुजी, ह्यात राउंड बसायला जागाच नाही. मूठ ओढली की आत स्प्रिंग दाबली जाते. ही हवेची आहे."

मग त्यांनी मापं काढली. मला ते आधीच थोडं माहीत होतं, कारण आम्ही पोरांनी चोरून सायकलचे छर्रे घालून बघितले होते. पुढच्या चाकाचा छर्रा पावणेपाच मिलिमीटरचा, तो नळीत शिरत नसे; पेडलचा चारच्या आसपास, तो खुळखुळत तोंडातून बाहेर पडे. सुभेदारांच्या मापात नळी निघाली ४.४ मिलिमीटरची. बाजारातल्या एअरगनला कमरेत बारीक असलेला ४.५ मिलिमीटरचा छर्रा लागतो. हिला शिशाची गोल गोळी लागत होती, आणि तीही एकेक नाही. खालचं छोटं मॅगझिन भरून ठेवायचं. डी. आर. पी.चा उलगडाही त्यांनीच केला. जर्मन मालावर हा शिक्का असतो. 'डॉइचेस राइखस्पाटेंट', म्हणजे जर्मन सरकारचं पेटंट. पोलिसांचा काही संबंध नाही.

पुढं मी जमेल तसं वाचत गेलो. जर्मनीत झूल नावाचं गाव बंदुकांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या हेनेल कंपनीची ही 'मॉडेल ३३'. रचना ह्यूगो श्मायसर यांची. पहिल्या महायुद्धातली एम. पी. १८ ही सबमशीनगन आणि दुसऱ्यातली श्टुर्मगेव्हेर ४४ ही रायफल याच माणसाची. (एम. पी. ४० ला जगभर 'श्मायसर' म्हणतात, ती मात्र त्यांची नव्हे.) असा माणूस हवेच्या बंदुकीवर डोकं का खपवेल?

उत्तर बंदुकीतच आहे. पाखरं मारायला लागत नाही असं कितीतरी तिच्यात आहे. साध्या एअरगनची नळी मोडून स्प्रिंग चढवतात. हिला जर्मन सैन्याच्या माउझर रायफलीसारखा बोल्ट. पट्टा खाली नाही, माउझरसारखा कुशीला. मागची साईट पुढंमागं सरकवून अंतर लावायचं. छर्रा उडवण्यासाठी यातलं काहीच गरजेचं नाही. गरजेचं होतं ते हाताला सवय लावणं. मूठ उचल, मागं ओढ, पुढं ढकल, नेम, श्वास रोख, चाप. दारू लागत नाही, मोठं मैदान लागत नाही, आवाजानं नवखा दचकत नाही.

व्हर्सायच्या तहानं जर्मन सैन्य एक लाखावर आणून ठेवलं होतं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, १९३५ मध्ये सक्तीची लष्करभरती परत सुरू झाली, आणि १९३९ पर्यंत हिटलर यूथमध्ये जाणं मुलांना सक्तीचं झालं. त्या मुलांच्या नेमबाजीसाठी अशाच बंदुका वापरल्या जात. लहान हातांसाठी हेनेलनं हिचा 'ज्युनियर' प्रकारही काढला. हे एकट्या जर्मनांनी केलं असं नाही. चेकोस्लोव्हाकियानं १९३५ च्या सुमारास सैन्याच्या सरावासाठी बोल्टची एअरगन काढली. अमेरिकेनं व्हिएतनामच्या काळात डेझीच्या छर्ऱ्याच्या बंदुकीवर जवान तयार केले. पण ते तरी भरती झालेले गडी होते.

आमच्या बंदुकीची चामड्याची वाटी वाळून कोळ झाली होती. सुभेदारांनी सायकलच्या पंपाचा वायसर एरंडेलात भिजवून बसवला, कोळ्याच्या जाळ्यातलं शिसं वितळवून दोन गोळ्या पाडल्या, आणि ठाण्याच्या मागं फौजदारासमोर डालड्याच्या डब्यावर बार काढला. डब्याला पोचा पडला, भोक नाही. फौजदारानं 'रायफल' खोडून 'जुनी एअरगन, परवान्याची गरज नाही' असं लिहिलं. वडिलांनी त्या कागदाची नक्कल मागून घेतली.

रात्री वडिलांनी हे सगळं आजीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "त्यांनी सांगितलंच हुतं की," ती म्हणाली. लढाई थांबल्यावर थोरल्या आबांची तुकडी एका शाळेत उतरली होती. आधी तिथं जर्मन राहून गेलेले. बाकांच्या मागं ही बंदूक सापडली, ती त्यांनी ट्रकच्या सीटखाली सारली. आणि त्याच आठवड्यात कैद्यांना ट्रकात भरून न्यायचं काम लागलं. "मिसरूड फुटलं नव्हतं म्हनं कुनाला. आपल्या दहावीच्या पोरांएवढी. ट्रकात चढताना येकाची चप्पल पडली, ती ह्यांनी उचलून दिली, तर ते पोरगं रडाया लागलं."