रायबागन बोलली ते कोणी ऐकलं?

परळच्या शाळेत इतिहास शिकवताना उंबरखिंड आली की माझा वर्ग रंगायचा. शायिस्ताखानाने धाडलेला कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने फौज कोकणात उतरवतो, रान दाट, वारा नाही, तहानेने सगळे कासावीस. मग रायबागन त्याला सुनावते, सिंहाच्या रानात शिरलास, आता शरण जा! हे भाषण मी अगदी हातवारे करून म्हणत असे. एकदा लालबागची एक मुलगी उभी राहिली. "बाई, ती खानाशी बोलली ते ऐकलं कोणी?" मी म्हटलं, "बस खाली." घंटा व्हायला आली होती हे खरं, पण मला उत्तर येत नव्हतं हेही तितकंच खरं.

निवृत्तीनंतर दादरच्या ग्रंथसंग्रहालयात बसून 'शिवभारत' नीट वाचलं. २ फेब्रुवारी १६६१ च्या या लढाईची तपशीलवार हकिगत जवळजवळ एकट्या कवींद्र परमानंदाची. तो महाराजांच्या आज्ञेने लिहिणारा, त्यातून संस्कृत श्लोकांत! काव्यही अपुरंच राहिलं. स. म. दिवेकरांना ते तंजावरला सापडलं आणि १९२७ साली छापून आलं. म्हणजे आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांना शाळेत रायबागन भेटलीच नसणार.

एकाच्याच शब्दावर किती विसंबायचं? ग्रीकांच्या बाबतीत हाच पेच आहे. हिरोडोटसने इराणच्या झर्क्सीसची फौज अनेक लाखांची सांगितली. डेलब्रुक नावाच्या जर्मन इतिहासकाराने ती कागदावर चालवून पाहिली, तर पहिला शिपाई थर्मोपिलीला पोचला तरी शेवटचा अजून सुसाहून निघतोच आहे!

मीही तेच केलं. भाच्याला घेऊन दादरहून गाडीने खोपोली, तिथून रिक्षाने चावणी. स्मारक पाहून, गुडघे साथ देतील तेवढी वाट चढले. जेमतेम दोघं शेजारी चालतील एवढीच ती. दहा हजार माणसं धरा, दोघादोघांच्या रांगा, दोन रांगांत एक मीटर. पाच किलोमीटर झाले की! घोडी आणि सामानाची जनावरं वेगळीच. पुढे काय झालं ते मागच्याला कळणार कसं? फळी धरणार कुठे? खाली अंबा नदी आहे, पण वाटेत कोंडलेल्याला तिचा काय उपयोग? परमानंदाची तहान मला तिथे पटली. तोंड देण्यापेक्षा खंडणी भरून सुटणं खानाला परवडलं, हेही पटलं.

भाषण मात्र नाही. थुसिडिडीस हा ग्रीक इतिहासकार निदान कबूल तरी करतो की प्रसंगाला शोभतील अशी भाषणं आपण लोकांच्या तोंडी घातली. आमच्या कवींद्रांनी तसं सांगितलेलं नाही, पण केलं तेच असणार. रायबागन तिथे होती, तिने शरण जायचा सल्ला दिला, इथवर मी जाईन. शब्द परमानंदाचे. आणि वर्गातले हातवारे माझे.

ती मुलगी आता पन्नाशीच्या पुढे असेल. "बस खाली" म्हटल्यावर ती बसली होती, पण वही मिटून.